डोपामाइन, इन्सुलिन आणि मधुमेह : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेले काही महिने या सदराकडे येणाऱ्या पत्रांत डोपामाइन या पेशींमध्ये संदेश नेणाऱ्या रसायनाविषयीचे प्रश्न इतके वाढले आहेत की या अंकातील सगळी जागा त्यांनाच द्यावी असे ठरवले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, आणि ज्या आजाराचे इतके रुग्ण असतात त्याच्याभोवती अर्धवट विज्ञानाचा बाजारही तितकाच मोठा भरतो. पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी ५४ वर्षांचा असून मला टाइप-२ मधुमेह आहे; मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतो. आमच्या लोकलच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतो आहे. त्यात म्हटले आहे की मधुमेह हा मुळात स्वादुपिंडाचा आजारच नाही, मेंदूतील डोपामाइन कमी झाल्याने तो होतो, आणि डोपामाइन वाढवले की इन्सुलिन आपोआप ताळ्यावर येते. यात तथ्य किती? – घाटकोपर

डोपामाइनचा आणि साखरेच्या नियंत्रणाचा संबंध आहे, एवढेच त्या व्हिडिओतील तथ्य. पण डोपामाइन वाढवायचे म्हणजे शरीरात नेमके कुठे आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे सांगितल्याशिवाय त्या सल्ल्याला काही अर्थ उरत नाही, कारण हाच रेणू मेंदूच्या काही भागांत साखर आटोक्यात ठेवायला मदत करतो आणि स्वादुपिंडात मात्र इन्सुलिनला आवर घालतो.

आधी स्वादुपिंडाकडे पाहू, कारण व्हिडिओवाले नेमके तेच वगळतात. इन्सुलिन तयार करणारी बीटा पेशी रक्तातून एल-डोपा नावाचा पदार्थ आत ओढून घेते, आपल्याजवळच्या विकराने (एन्झाइमने) त्याचे डोपामाइन करते आणि ज्या सूक्ष्म पिशव्यांत इन्सुलिन साठवलेले असते त्यांतच हे डोपामाइनही भरते. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले की पिशव्या पेशीच्या कडेला येऊन फुटतात. इन्सुलिनबरोबर डोपामाइनही बाहेर पडते आणि त्याच पेशीच्या पृष्ठभागावरील डी-२ प्रकारच्या रिसेप्टरवर, म्हणजे संदेश टिपणाऱ्या रेणूवर, जाऊन बसते. त्यामुळे पुढचे इन्सुलिन सोडण्याचा वेग मंदावतो. या पेशींवर असे रिसेप्टर असल्याचे आणि त्यांना चालना दिली की ग्लुकोजमुळे होणारा इन्सुलिनचा स्राव कमी होत असल्याचे जिनिव्हातील संशोधकांनी २००५ साली दाखवले. इमारतीच्या गच्चीवरील टाकी भरत आली की बॉलकॉक वर येऊन नळ बंद करत जातो, तशी ही व्यवस्था आहे. ती नसती तर जेवणानंतर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सुटून साखर धाडकन खाली आली असती. म्हणजे स्वादुपिंडात डोपामाइन ‘वाढवणे’ हे आपल्यासारख्या टाइप-२ मधुमेहीला, ज्याचे इन्सुलिन आधीच अपुरे पडते आहे, मुळीच फायद्याचे नाही.

मेंदूची बाजू वेगळी आहे. ॲमस्टरडॅममधील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाची सुरुवात एका मधुमेही रुग्णापासून झाली. मंत्रचळेपणाच्या तीव्र विकारासाठी त्याच्या मेंदूत खोलवर, बक्षीस आणि प्रेरणा यांच्याशी निगडित असलेल्या भागात, विजेचे सूक्ष्म स्पंदन देणारी तार बसवली होती. विकार तर कमी झालाच, पण त्याला रोज लागणाऱ्या इन्सुलिनची मात्राही उतरली. मग मधुमेह नसलेल्या अशाच इतर रुग्णांना तपासले, तेव्हा स्पंदन सुरू असताना त्यांचे शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत असल्याचे आढळले. उलट, निरोगी तरुण पुरुषांना डोपामाइनची निर्मिती तात्पुरती घटवणारे औषध दिल्यावर त्यांचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद कमी झाला. हा पुरावा महत्त्वाचा असला तरी तो मूठभर माणसांवरचा आहे, आणि तो मेंदूत तार बसवून मिळालेला आहे, आनंदी राहण्याच्या पाच युक्त्यांमधून नव्हे.

मधुमेह हा ‘मुळात मेंदूचा’ आजार आहे हे विधान तर टिकतच नाही. टाइप-१ मध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच बीटा पेशी नष्ट करते. टाइप-२ मध्ये यकृत, स्नायू आणि चरबी इन्सुलिनला दाद देईनाशी होतात आणि बीटा पेशी हळूहळू थकतात. अमेरिकी तज्ज्ञ राल्फ डीफ्रॉन्झो यांनी मधुमेहक्षेत्रात मानाच्या समजल्या जाणाऱ्या बँटिंग व्याख्यानात २००८ साली टाइप-२ मधुमेहामागचे आठ बिघाड मांडले, त्यांत मेंदूला स्थान आहे. पण ते आठांपैकी एक म्हणून. आपण घेत असलेले ग्लिमेपिराइड बीटा पेशीच्या पोटॅशियम मार्गिकेवर काम करते आणि मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून बाहेर पडणारी साखर कमी करते. व्हिडिओ पाहून यांपैकी एकही गोळी बंद करू नये.

प्रश्न : वय ६१, पुरुष. मेटफॉर्मिन घेऊनही एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.८ राहिल्यामुळे आमच्या डॉक्टरांनी ब्रोमोक्रिप्टीन लिहून दिले. औषधाच्या दुकानातील मुलाने चिठ्ठी दोनदा वाचली आणि “काका, ही तर बाळंतिणीचं दूध थांबवायची गोळी आहे, डॉक्टरांना परत विचारून घ्या,” असे सांगितले. घरात थट्टा झाली ती वेगळीच. ही गोळी खरोखर मधुमेहाची आहे का? – दादर

दुकानातल्या मुलाने शंका घेतली हे योग्यच केले, आणि आपल्या डॉक्टरांचीही चूक नाही. ब्रोमोक्रिप्टीन हे अर्गट नावाच्या बुरशीतील रसायनांपासून विकसित झालेले औषध आहे आणि ते डी-२ रिसेप्टरला डोपामाइनप्रमाणेच चालना देते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीवर ही चालना मिळाली की दूध आणणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक कमी होते आणि दूध थांबते. म्हणून दुकानदारांना ते त्या कामासाठी ठाऊक आहे. प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या गाठींसाठी आणि कंपवातासाठीही ते अनेक वर्षे वापरात आहे. मधुमेहासाठी त्याच्या लवकर विरघळणाऱ्या, कमी मात्रेच्या गोळीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २००९ मध्ये मान्यता दिली.

ही कल्पना सुचली ती पक्ष्यांवरून आणि हॅमस्टरवरून. लांबचा प्रवास करणारे पक्षी निघण्यापूर्वीच्या काळात अंगावर चरबी साठवतात, आणि त्या दिवसांत त्यांचे शरीर इन्सुलिनला जुमानत नाही; यकृत साखर आणि चरबी तयार करत राहते, जेणेकरून पुढच्या उपासमारीत मेंदूला इंधन पुरावे. ऋतू पालटला की ही अवस्था आपसूक मावळते. लुइझियाना स्टेट विद्यापीठातील अल्बर्ट मायर आणि अँथनी सिंकोटा यांनी या चक्राचा दीर्घकाळ अभ्यास केला. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागातील डोपामाइनच्या दैनंदिन चढउतारात बदल झाला की प्राणी लठ्ठ आणि इन्सुलिनला दाद न देणारा होतो, आणि ठरावीक वेळी डोपामाइनसारखे औषध दिले की तो पुन्हा सडपातळ अवस्थेकडे वळतो, असे त्यांच्या कामातून पुढे आले. माणूस स्थलांतर करत नाही (विरार ते चर्चगेट हे स्थलांतर मानले नाही तर), पण टाइप-२ मधुमेहात हायपोथॅलॅमसमधील सकाळचा डोपामाइनचा जोर कमी पडतो आणि त्यामुळे अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणारी यंत्रणा, वाजवीपेक्षा जागी राहून यकृताला साखर सोडायला लावते, असे गृहीतक यातून मांडले गेले. सकाळी घेतलेली ही गोळी तो जोर भरून काढते, असे मानले जाते. तिच्यामुळे रक्तातील इन्सुलिन वाढत नाही. आहे तेच इन्सुलिन अधिक उपयोगी पडते आणि विशेषतः जेवणानंतरची साखर उतरते.

म्हणूनच या औषधात वेळेला इतके महत्त्व आहे. उठल्यापासून दोन तासांच्या आत, काहीतरी खाऊन, दिवसातून एकदाच ते घ्यायचे असते. सुरुवात ०.८ मिलिग्रॅमने होते आणि दर आठवड्याला मात्रा वाढवत १.६ ते ४.८ मिलिग्रॅमपर्यंत नेली जाते. दुकानांत सर्रास मिळणारी २.५ मिलिग्रॅमची साधी गोळी मोडून तिचे तुकडे मधुमेहासाठी घेऊ नयेत. ती वेगळ्या गतीने विरघळते आणि तिचा हिशेब वेगळा आहे. आपल्या चिठ्ठीवर मात्रा आणि प्रकार नीट लिहिला आहे ना, एवढे मात्र डॉक्टरांना जरूर विचारा.

अपेक्षा किती ठेवावी? एचबीए१सी साधारण अर्ध्या टक्क्याने कमी होते. म्हणजे ७.८ चे ७.३ झाले तर औषध लागू पडले म्हणायचे. सुमारे ३,००० रुग्णांवर ५२ आठवडे चाललेल्या सुरक्षाचाचणीत हृदयविकार आणि पक्षाघात यांसारख्या घटनांचे एकत्रित प्रमाण गोळी घेणाऱ्यांमध्ये १.८ टक्के, तर इतरांमध्ये ३.२ टक्के आढळले. निष्कर्ष उत्साहवर्धक असला तरी एकूण घटनाच थोड्या असल्यामुळे त्यावर फार मोठा इमला उभारू नये. माझ्या मते हे औषध पहिल्या फळीतले नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांच्यासाठी आज अधिक भक्कम पुरावा असलेले पर्याय आहेत, आणि आपल्या बाबतीत हेच का निवडले हे डॉक्टरांना विचारण्यात काही गैर नाही.

पहिल्या काही आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी आणि उठून उभे राहताना चक्कर हे त्रास होतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर चक्कर जास्त येऊ शकते. मात्रा वाढवलेल्या दिवशी सकाळच्या गर्दीच्या गाडीत दरवाजात उभे राहू नका, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. अर्धशिशीसाठी अर्गटयुक्त औषध घेत असाल तर ते आधी सांगा, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखे अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वीही या गोळीचा उल्लेख करा, कारण त्याने ब्रोमोक्रिप्टीनचे रक्तातील प्रमाण वाढते. बाळाला पाजणाऱ्या मातांनी मधुमेहासाठी ही गोळी घ्यायची नसते.

प्रश्न : माझ्या २८ वर्षांच्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनियासाठी ओलान्झापीन सुरू आहे. भास थांबले, तो पुन्हा कामावर जाऊ लागला. पण वजन १४ किलोंनी वाढले आहे, रात्री उठून फ्रिज उघडतो आणि मिळेल ते खातो. उपाशीपोटीची साखर ११८ आली. आई म्हणते, हे औषधच बंद करू या. काय करावे? – मुलुंड

औषध बंद करू नका. हे वाक्य आईंना आधी वाचून दाखवा आणि मग पुढचे.

आपल्या भावाची खा-खा हा त्याचा आळस किंवा हावरटपणा नाही. मनोविकारांवरील ही औषधे मेंदूतील डी-२ रिसेप्टर रोखून भास कमी करतात. पण ओलान्झापीन आणि क्लोझापीन ही दोन औषधे भूक भागल्याची जाणीव देणारे हिस्टामाइन आणि सेरोटोनिनचे मार्गही दाबतात, त्यामुळे जेवूनही पोट भरल्यासारखे वाटत नाही. त्यात भर म्हणजे डी-२ रिसेप्टर फक्त मेंदूत नसतात. वर घाटकोपरच्या वाचकांना सांगितलेली स्वादुपिंडातील लगामाची व्यवस्था इथे उलटी पडते, म्हणजे रिसेप्टरच रोखल्यामुळे लगाम सुटतो, आणि पिट्सबर्ग विद्यापीठातील प्रयोगशाळेतील कामानुसार इन्सुलिनबरोबर साखर वाढवणारे ग्लुकॅगॉनही वाजवीपेक्षा जास्त सुटू लागते. इन्सुलिन सतत चढे राहिले की शरीर त्याला सरावते, आणि वजन वाढण्याआधीच साखरेचे गणित बिघडू लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ साली या गटातील औषधांवर मधुमेहाचा इशारा छापायला लावला तो याच कारणाने.

११८ हा आकडा मधुमेहाचा नाही. १०० ते १२५ हा मधुमेहपूर्व टप्पा. १२६ आणि त्यापुढे, तेही दुसऱ्यांदा तपासून, मधुमेह. म्हणजे हातात वेळ आहे. मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना वजनाची नोंद, कमरेचे माप, साखर आणि कोलेस्टेरॉल यांचे अहवाल घेऊन जा आणि तीन गोष्टी थेट विचारा : मात्रा कमी करता येईल का, वजनावर कमी परिणाम करणाऱ्या ॲरिपिप्राझोलसारख्या औषधाकडे सावकाश वळता येईल का, आणि तसे नसेल तर सोबत मेटफॉर्मिन सुरू करावे का. ॲरिपिप्राझोल डी-२ रिसेप्टर पूर्ण रोखत नाही, अर्धवट चालना देते. पण ते प्रत्येकाला लागू पडेलच असे नाही, आणि जो माणूस दीड-दोन वर्षांच्या वणवणीनंतर स्थिरावला आहे त्याचे औषध बदलायचे की नाही हा निर्णय त्याला ओळखणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ एकीकडे आणि फिजिशियन दुसरीकडे असे रुग्ण वाटून घेतला जातो आणि साखर दोघांच्याही कागदावर नसते. ती जबाबदारी सध्या तरी घरच्यांनाच उचलावी लागते.

फ्रिजला कुलूप लावून भांडणे होतात, बाकी काही होत नाही. त्याऐवजी श्रीखंडाचा डबा आणि थंड पेयाची बाटली घरात आणायची बंद करा, आणि रात्री हाताशी भाजलेले चणे, काकडी, ताक राहील असे पाहा. प्रचंड तहान, वारंवार लघवी, उलट्या आणि गुंगी अशी लक्षणे एकत्र दिसली तर मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. क्वचित या औषधांमुळे साखर अचानक धोकादायक पातळीवर जाते.

प्रश्न : ओळखीतल्या एकांनी ‘नैसर्गिक डोपामाइन’ म्हणून कवचबीजाचे चूर्ण दिले आहे, साखरही कमी होते म्हणतात. केळ्यातही डोपामाइन असते असे वाचले. घ्यावे का? – बोरीवली

केळ्यात डोपामाइन असते हे खरे. पण रक्तातील डोपामाइन मेंदूभोवतीची गाळणी ओलांडू शकत नाही, त्यामुळे केळे खाऊन ते मेंदूत वाढत नाही. वाढते ती साखर, तेव्हा केळे खायचे तर अर्धे, आणि जेवणावर नको.

कवचबीज, म्हणजे खाजकुयलीच्या शेंगेतले बी, ही वेगळी बाब आहे आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. त्यात एल-डोपा असते, साधारण चार ते सहा टक्के, आणि एल-डोपा मेंदूत पोहोचते. मुंबईतील डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या बियांचा कंपवातावर अभ्यास केला होता, तो याच गुणामुळे. म्हणजे आपल्या हातात आहे ते मात्रा न मोजलेले औषध आहे. कंपवाताच्या गोळीत एल-डोपाचे शरीरात इतरत्र रूपांतर होऊ नये म्हणून कार्बिडोपा घातलेले असते. चूर्णात तसे काही नाही, त्यामुळे बरेचसे डोपामाइन मेंदूबाहेरच तयार होते आणि मळमळ, रक्तदाब उतरणे, धडधड असे त्रास होतात. एल-डोपा घेणाऱ्या कंपवाताच्या रुग्णांत ग्लुकोज पचवण्याची क्षमता बिघडू शकते हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच नोंदले गेले आहे. उंदरांवर या बियांनी साखर उतरल्याचे प्रयोग आहेत, पण तेवढ्यावर मधुमेही माणसाने चमचाभर चूर्ण रोज घ्यावे असे ठरत नाही. आपण वैद्यांच्या देखरेखीखाली ते घेत असाल तर मधुमेहाच्या डॉक्टरांनाही सांगा. नुसते ओळखीतून आले असेल तर परत करा.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे, कंपवात आणि मधुमेह दोन्ही. लेव्होडोपा-कार्बिडोपा आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. गोळी ‘लागत नाही’ म्हणून कोणी प्रथिने बंद करायला सांगितली. तेव्हापासून सकाळी पोहे, उपमा, साबुदाणा असेच देतो आणि साखर वाढली आहे. मधुमेहाच्या इंजेक्शनाने कंपवात थांबतो असेही ऐकले. – गिरगाव

सल्ला अर्धवट पोहोचला आहे. लेव्होडोपा, म्हणजेच वर सांगितलेले एल-डोपा, लहान आतड्यातून शोषली जाताना आणि मेंदूत शिरताना प्रथिनांतील अमिनो आम्लांशी तिची स्पर्धा होते. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने, पाण्याबरोबर घ्यायची असते. बहुतेकांना एवढ्यानेच फरक पडतो. तरीही गोळीचा परिणाम डळमळीत राहिला तर दिवसभराची प्रथिने कमी न करता त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात द्यायचा असतो. प्रथिने काढून त्या जागी पोहे-साबुदाणा भरला की मधुमेहीची साखर चढणारच, शिवाय ७४ व्या वर्षी स्नायू झिजतात ते वेगळेच. सकाळी सहाला गोळी, साडेसहा-सातला भाज्या घातलेला दलिया किंवा नाचणीची भाकरी आणि पालेभाजी, दुपारी नेहमीचे जेवण थोड्या कमी वरणाने, आणि रात्री मुगाचे धिरडे, पनीर, अंडे किंवा मासळी अशी मांडणी करून पाहा आणि आठवडाभर साखर व हालचाली दोन्ही लिहून ठेवा.

आणखी दोन गोष्टी. ग्लिमेपिराइडमुळे साखर उतरली तर हात थरथरतात आणि घाम येतो. कंपवाताच्या रुग्णात ही थरथर कोणाच्या लक्षात येत नाही, घरचे म्हणतात आज जरा जास्त आहे. नेहमीपेक्षा वेगळी थरथर, घाम, असंबद्ध बोलणे यांपैकी काही दिसले की बोटातून साखर तपासा; ७० च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. या वयात ग्लिमेपिराइडऐवजी साखर न पाडणारे औषध देता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. दुसरे, उलटी-मळमळीसाठी सर्रास दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड मेंदूतील डोपामाइनचे रिसेप्टर रोखते आणि कंपवात बळावतो. ते वडिलांना नको, असे फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा.

इंजेक्शनबाबत : एक्सेनाटाइड या मधुमेहाच्या औषधाने कंपवाताची गती मंदावत असल्याचे २०१७ साली लंडनच्या एका लहान चाचणीत दिसले होते आणि मोठी आशा निर्माण झाली होती. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याहून मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. कंपवातासाठी म्हणून ते आज देण्याचे कारण नाही.

प्रश्न : वय ३१, आयटीत. एचबीए१सी ६.१. रात्री जेवण झाल्यावर मोबाइल बघत बसलो की गोड लागतेच. एक आठवडा ‘डोपामाइन डिटॉक्स’ केले, म्हणजे मोबाइल, गोड असे सगळे सोडले, तर इन्सुलिन सुधारेल का? – अंधेरी

डोपामाइन हे शरीरात साचणारे विष नाही, त्यामुळे ते ‘उतरवण्या’सारखे काही नसते. पण आपल्या प्रश्नात दडलेली गोष्ट खरी आहे. इन्सुलिन मेंदूतही पोहोचते. ट्युबिंगेन येथील संशोधकांनी २०२१ साली निरोगी पुरुषांना नाकावाटे इन्सुलिन देऊन मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा बक्षिसाशी निगडित भागातील डोपामाइन खाली आलेले दिसले. जेवण झाल्यावर अन्नाची ओढ ओसरण्यामागे हेही एक कारण असावे. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की मेंदूही हळूहळू तसाच होतो, आणि मग पोट भरल्यावरही बर्फी समोर दिसली की हात जातो. लठ्ठपणात डी-२ रिसेप्टरच कमी होतात असे २००१ सालच्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासाने म्हटले होते, मात्र नंतरच्या अभ्यासांचे त्यावर एकमत झालेले नाही, त्यामुळे ‘माझे रिसेप्टरच कमी आहेत’ असे स्वतःला सांगून सोडून देऊ नका.

मोबाइलचा सर्वांत मोठा तोटा म्हणजे तो झोप खातो. शिकागोत १९९९ साली अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा तेवढ्यातच त्यांच्या शरीराचा ग्लुकोज निपटण्याचा वेग लक्षणीय मंदावला. ज्याला कल्याणहून अंधेरी गाठायची आहे आणि जो रात्री एकपर्यंत रील्स पाहतो, तो हा प्रयोग वर्षभर स्वतःवर करत असतो. आपण तर अंधेरीतच राहता, तेव्हा तेवढी सबबही नाही. जेवणानंतर लगेच पंधरा-वीस मिनिटे सोसायटीच्या आवारात चालून या. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी मदत न घेता साखर ओढून घेतात, आणि गोडाची वेळही त्यात निघून जाते. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा. मधुमेह ठरवणाऱ्या ६.५ च्या अलीकडे आहात, आणि या टप्प्यावरून मागे फिरणे अनेकांना जमते.

प्रश्न : एका लॅबच्या पॅकेजमध्ये रक्तातील डोपामाइनची तपासणी आहे. मधुमेहींनी करावी का? – चेंबूर

नाही. रक्तातील किंवा लघवीतील डोपामाइन मेंदूविषयी काही सांगत नाही. लघवीतले तर बहुतांश मूत्रपिंडातच तयार झालेले असते. ॲड्रिनल ग्रंथीची किंवा तिच्यासारख्या पेशींची दुर्मीळ गाठ असल्याची शंका आली, म्हणजे डोकेदुखी, घाम, धडधड आणि मध्येच उसळणारा रक्तदाब असे चित्र असेल, तरच या जातीच्या तपासण्या डॉक्टर सांगतात. मधुमेहासाठी पैसे खर्च करायचेच असतील तर दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी, आणि वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, पायांची तपासणी आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करा. यांतली शेवटची आपल्याकडे सर्वांत जास्त टाळली जाते.